मामाजींची ब्रेक जर्नी

हातात काचेचा पेला, त्याला पत्र्याचं नक्षीदार कडं, आणि मी डब्याच्या टोकाला गरम पाण्याच्या बंबाशी उभी होते. गाडी हलली. सहज खिडकीबाहेर पाहिलं तर फलाटावर माझे सासरे. एका हातात त्यांची पिशवी, दुसऱ्या हातात माझी बॅग, गळ्यात प्लास्टिकचं पाकीट, आणि त्या पाकिटात आम्हा दोघांचे पासपोर्ट आणि तिकिटं. गाडीकडे त्यांची पाठ होती.

"मामाजी," मी ओरडले.

पंचवीस वर्षांत मी त्यांना मारलेली ही पहिली हाक, आणि तीही वाया गेली. तिकडं थंडीपायी खिडकीला दोन-दोन काचा असतात. मी पेला टाकून दाराकडे धावले. दारात गालिना. गालिना म्हणजे आमच्या डब्याची मालकीणच म्हणा. तिकडं डब्याला एक बाई नेमलेली असते. चादरी तीच देते, झाडू तीच मारते, तिकीट तीच तपासते, दार तीच उघडते. ही पन्नाशीची, दोन दात सोन्याचे, दंड पैलवानाचे. तिनं मला कमरेला जी मिठी मारली ती फलाट संपेस्तोवर सोडली नाही. धावत्या गाडीतून उतरणं या बाईला जमणार नाही, हे तिला दिसलं असावं. मामाजींना जमतं. चौतीस वर्षं बडनेऱ्याला रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. धावत्या गाडीतून कसं उतरावं, तोंड कुठं ठेवावं, पाय कसा टाकावा, हे त्यांना झोपेतही ठाऊक.

साल दोन हजार सोळा, तेवीस जून, दुपारचे बारा. जागा सायबेरिया. दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला दुपारी चार वाजता, इर्कुत्स्कला माझ्या प्रणालीला डॉक्टरकीची पदवी मिळणार होती. सहा वर्षं पोरगी तिथं बर्फात शिकली. मला एकच पाहिजे होतं. तिचं नाव पुकारतील तेव्हा मी त्या हॉलमध्ये असावं. नवऱ्याला यायचं होतं, पण शाळेच्या दाखल्यावर त्यांची एक जन्मतारीख आणि बाकी कागदांवर दुसरी, म्हणून पासपोर्ट निघाला नाही. मग उरले मामाजी. मॉस्कोपर्यंतचं विमान त्यांनी डोळे मिटून काढलं आणि उतरल्याबरोबर जाहीर केलं, आता जे काय जायचं ते रुळावरून. म्हणून ही साडेतीन दिवसांची गाडी. इर्कुत्स्कला ती चोवीसला सकाळी दहाला पोचणार होती. हातात सहा तास होते.

आता तुम्ही म्हणाल, एकाच डब्यातून चाललेली दोन माणसं, एक उतरतो आणि दुसरीला पत्ता नाही, असं कसं होईल. होतं. कारण आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. बडनेऱ्यात सगळे म्हणायचे, तायड्यांची सून मोठी रीतीची, सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. जे काय सांगायचं ते मधल्या माणसामार्फत. आधी सासूबाई होत्या, त्या गेल्यावर नवरा, मग प्रणाली. घरात कुणी नसलं तर शेळी. "शेळे, मामाजीले सांग, जेवण झाकून ठेवलं." शेळी पाला खायची आणि निरोप पोचायचा.

गाडीत शेळी नव्हती. गालिना होती.

"गालिनाबाई, तिले सांगा, गरम पाणी आणतानी चटका बसते."

"गालिनाबाई, त्याईले म्हणा, मले डोळे आहेत."

गालिना दोघांकडे बघून "दा, दा" म्हणायची. दा म्हणजे हो. तिला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण न्याय ती बरोबर करायची.

पहिल्याच दिवशी बर्थवरून पेच पडला. चार बर्थची खोली. मामाजींचा खालचा, माझा बरोबर त्यांच्या वरचा. मामाजी उभेच राहिले.

"तिले म्हणा, सून सासऱ्याच्या डोक्यावर झोपत नसते. पाय येतात."

"त्याईले म्हणा, मंग तुम्ही जा वरते."

"तिले म्हणा, माहे गुडघे कोण चढवन?"

गालिनानं वरच्या बर्थकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या टोपीकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. त्यांच्यातही सासरे असतीलच. तिनं कानामागची पेन्सिल काढली, कागदावर दोन रेघोट्या मारल्या, डब्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या खोलीतून एका फौजी पोराला उठवलं आणि त्याच्या जागी मला टाकलं. त्या खोलीत आधीच तीन बायका होत्या. आपल्याकडे बर्थ बदलायचा म्हणजे टीसीच्या मागं तीन डबे फिरावं लागतं. इथं दोन मिनिटांत रिझर्वेशन बदललं आणि सासऱ्याची इज्जत राहिली. मी मात्र त्यांच्या नजरेआड गेले.

मामाजींना दुसरं एक वेड होतं. जिथं गाडी वीस मिनिटं थांबेल तिथं ते उतरायचे आणि रूळ बघायचे. एका ठिकाणी वाकून त्यांनी रुळांमधलं अंतर बुटानं मोजलं. "गालिनाबाई, तिले सांगा, आपल्यापेक्षा आठ बोटं अरुंद आहे. देश केवढा आन रूळ केवढा." आणि रोज एकदा तरी ब्रेक जर्नी. "तिले सांगा, लांबच्या तिकिटावर मधात उतरता येते. मास्तरचा शिक्का घेतला का दुसऱ्या गाडीनं पुढं. रेल्वे कोणाचीबी असो, कायदा एकच."

"त्याईले म्हणा, हे बडनेरा नाही."

तेव्हा त्या तेवीस तारखेला, त्यांची पाठ खिडकीतून मागं मागं जाताना बघून, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. म्हाताऱ्यानं ब्रेक जर्नी केली. माझ्या पोरीची पदवी गेली खड्ड्यात, याला रूळ बघायचे होते. आणि माझी बॅग कशाला नेली? पासपोर्ट कशाला नेला? माझ्याजवळ काय होतं, तर मघाशी त्याच फलाटावर एका म्हातारीकडून घेतलेली उकडलेल्या बटाट्यांची पुडी. आमच्या दाराशी गर्दी होती म्हणून मी शेजारच्या डब्यातून चढून आले होते आणि तशीच पाण्याला उभी राहिले होते.

मी गालिनाला सगळं सांगितलं. मामाजींना ज्या म्हणून शिव्या मला द्यायच्या होत्या त्या दिल्या. निरोप न्यायला माणूस होतं आणि ज्याला द्यायचा तोच नव्हता. गालिनानं मला खाली बसवलं, चहा दिला, बिस्किटाचा पुडा फोडला आणि एका कागदावर भराभर काहीतरी लिहिलं. दीड तासानं पुढचं स्टेशन आलं तेव्हा तिनं मला हाताला धरून उतरवलं, लाल टोपी घातलेल्या एका साहेबीणबाईच्या ताब्यात दिलं, कागद तिच्या हातात कोंबला, माझे दोन्ही गाल दाबून मुका घेतला आणि गाडीबरोबर निघून गेली. अंगावर साडी आणि स्वेटर, हातात बटाटे, आणि समोर अशी बाई की जिची भाषा मला येत नाही आणि माझी तिला. पण नंबर पाठ होता. प्रणालीचा नंबर मला झोपेतही येतो.

"आई, तू कुठी आहेस? हा कोणाचा फोन?"

"लाल टोपीवालीचा. तुह्या आबाजीनं ब्रेक जर्नी केली."

"म्हणजे?"

"म्हणजे उतरला म्हातारा. मधात कुठीतरी. माहा पासपोर्ट घिऊन."

"आई, रडू नको."

"रडून कोण राह्यलं? या बाईसंग बोल तू."

लाल टोपीवाली आणि प्रणाली दहा मिनिटं बोलल्या. मग बाईनं मागच्या स्टेशनला फोन लावला. मग पुन्हा प्रणालीला. मी खुर्चीवर बसून दोघींच्या आवाजाचे चढउतार ऐकत होते. शेवटी फोन माझ्या हातात आला.

"आबाजी सापडले. मास्तरच्या खोलीत बसून आहेत. रिटायरमेंटचं ओळखपत्र दाखवलं त्याईनं, सगळा स्टाफ जमा झाला पाह्याले. आन आई, त्याईनं तिकिटावर शिक्काबी घेतला. तुह्या न् त्याईच्या, दोन्ही."

"कशाचा शिक्का?"

"ब्रेक जर्नीचा. इथं खरंच कायदा आहे तसा. चार घंट्यात शिक्का घेतला तं तिकीट मरत नाही. बर्थ फक्त नवीन घ्या लागते."

"हे त्याईले सांगू नको. डोक्यावर बसतीन."

"त्याईलेच तं माहीत होतं, आई." ती हसली. "पण एक भानगड आहे. ते ज्या गाडीनं येतीन ती तुह्यापाशी पावणेसातले येते. इकडं उद्या तीनले पोचते. त्या गाडीत तिथून एकबी बर्थ नाही म्हणते ही टोपीवाली मावशी. पुढची गाडी परवा पोचते."

चारला कार्यक्रम. तीनची गाडी म्हणजे पोचता येत होतं. पण बर्थ नाही म्हणजे चढू देणार नाहीत. आपल्यासारखं दाराशी बसून जाणं तिकडं चालत नाही.

"आई, मी कॉलेजवाल्याईले सांगू काय, माहं नाव शेवटी घ्या म्हणून?"

"कोणाले काही सांगू नको. तुह्यासाठी एवढ्या लोकाईनं कावून थांबावं? जा, गाऊनले इस्त्री कर."

फोन ठेवला. लाल टोपीवालीनं मला तिकीटखिडकीशी नेलं, तिथल्या पोरीशी भांडण केल्यासारखं बोलली, पोरीनं यंत्रात बघून मान हलवली. अर्ध्या तासानं पुन्हा नेलं. पुन्हा मान. असं पाच वेळा. मधल्या वेळात आम्ही दोघींनी बटाटे खाल्ले. तिनं टेबलाच्या खणातून मीठ आणि हिरवा कांदा काढला. मनात मी भाषण तयार करत होते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तोंडावर बोलणार होते आणि असं बोलणार होते की म्हाताऱ्याला बडनेऱ्यापर्यंत पुरलं असतं.

पावणेसातला उन्ह डोक्यावर असल्यासारखं होतं. जूनमध्ये तिकडं दिवस मावळायचं नाव घेत नाही. गाडी आली. तिसऱ्या डब्याच्या दारात मामाजी. टोपी तिरपी, डोळे लाल, दोन्ही बॅगा तशाच दोन्ही हातांत. मला बघितलं आणि बॅगा खाली पडल्या.

"कुठी होती तू?"

सरळ मला. मधे कोणी नाही.

भाषण राहिलं बाजूला. "गाडीत," मी म्हटलं.

"गाडीत कुठी?"

"बंबापाशी. पाणी घेत होती."

"मंग मले सांगाले काय झालं होतं?"

"कोणाच्या तोंडानं सांगू? गालिना दारात होती."

त्यांनी कपाळावर हात मारला. लाल टोपीवाली आणि डब्याची नवी बाई आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या.

"तू बटाटे घ्याले उतरली ते पाह्यलं मी," मामाजी म्हणाले. "चढली ते नाही दिसली. गाडी सुटाले आली. तुह्या खोलीत पाह्याले गेलो तं दार बंद, आत बायका झोपलेल्या. दार वाजवलं, कोणी उठे ना. आत डोकावू कसा? मले वाटलं राह्यली पोरगी खाली. भाषा नाही, कागद नाही. तुही बॅग माह्याच बर्थखाली होती. तं मी दोघाईचं सामान घेतलं न् उतरलो."

"तुम्ही माह्यासाठी उतरले?"

"मंग काय रूळ पाह्याले उतरलो?" ते खरंच चिडले होते. "बाजार पाह्यला, पूल पाह्यला, बायकाईच्या संडासापुढं पाऊण घंटा उभा होतो, लोकं पाहेत माह्याकडं. दोनले एक गाडी गेली, मास्तर म्हणे जाय पुढं. मी म्हटलं, सुनेले टाकून कुठी जाऊ? बसलो ठिय्या मारून. मंग तुमचा फोन आला."

"पण आता बर्थ नाही म्हणते ही. मले चढू देत नाही."

मामाजींनी गळ्यातलं पाकीट उघडलं आणि दोन कागद काढले. "तिकडूनच घेतल्या ना दोन. तुह्या पासपोर्टवर तुही. तिकडून रिकामी नेली बर्थ, म्हटलं पुढच्या टेशनावर नसली तं? रेल्वेत एवढं तं समजते मले."

लाल टोपीवालीनं कागद हातात घेतले, वाचले आणि मामाजींना खाडकन सलाम ठोकला. मामाजींनीही ठोकला. मी तिला मिठी मारली. तिच्या टोपीला माझ्या हाताचं मीठ लागलं.

बर्थ पुन्हा एकाखाली एक. मी बोलायच्या आत मामाजी बूट काढून शिडीला लागले.

"गुडघे?" मी विचारलं.

"गुडघ्याचं मी पाहीन. तू खाली झोप."

त्यांना चढायला चार मिनिटं लागली, मधे दोनदा मी खालून ढकललं, आणि वर पोचल्यावर ते लहान पोरासारखे खिडकीला नाक लावून बसले. मग आम्ही भांडायला लागलो. ते वरून, मी खालून. काय सांगू तुम्हाला, इतकं मजेचं भांडण मी जन्मात केलं नाही. पंचवीस वर्षांची शिल्लक होती. चौऱ्याण्णव सालच्या खारट वरणापासून सुरुवात झाली. मी त्यांची विडी चुलीत टाकली होती ते निघालं. त्यांनी माझ्या माहेरच्या लोकांना चहाऐवजी पाणी पाजलं होतं ते निघालं. समोरच्या बर्थवरची नवराबायको आधी घाबरली, मग पेरू कापल्यासारखी सफरचंदं कापून आम्हाला दोघांना देऊ लागली.

"पण तुले बोलाले कोणी बंदी केली होती?" मामाजी वरून म्हणाले. "रीत होती म्हणून मीबी गप्प राह्यलो."

"कशाची रीत? सासूबाई तुमच्या बापासंग भर आंगणात भांडत होत्या. मी आल्यावर रीत आली काय?"

"मंग?"

मी उठून बसले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"फेब्रुवारीत लग्न झालं. मार्चमधे माही दहावीची परीक्षा होती. हॉल तिकीट घिऊन आली होती मी ट्रंकेत. तुम्ही सासूबाईले म्हटलं, तिले सांग, परीक्षा-फरीक्षा काही नाही. मी तिथंच उभी होती, तीन हातांवर. मले नाही म्हटलं तुम्ही. तोंडावर म्हटलं असतं तं मी भांडली असती, पाया पडली असती, काहीतरी केलं असतं. तुम्ही निरोप पाठवला. तवा म्हटलं, ठीक आहे. आता या माणसाले माह्याकडूनबी निरोपच."

गाडी एका मोठ्या नदीवरून गेली.

"कावून म्हटलं होतं तसं?" मी विचारलं.

"माहा गजानन नववी नापास होता," मामाजी वरून म्हणाले. "वाटे, सून जास्त शिकली तं पोराले मोजणार नाही."

"मोजलंच नाही मी त्याईले."

"दिसलं ते," मामाजी म्हणाले, आणि कूस बदलली.

माफी नाही, काही नाही. माझा पुन्हा संताप झाला. पण सकाळी ते शिडीवरून उतरताना, "हात दे बेबी," म्हणाले, आणि मी दिला. माझं नाव बेबीनंदा. ते त्यांना ठाऊक आहे हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी तीनला दहा कमी असताना पोचली. प्रणालीनं एका मैत्रिणीला टॅक्सी घेऊन पाठवलं होतं. पारोसे, बॅगा हातात, मामाजींच्या शर्टावर सफरचंदाचा डाग, अशा थाटात आम्ही पावणेचारला हॉलमध्ये घुसलो. झुंबरं होती. बायका पंखे हलवत बसल्या होत्या. आम्हाला मागून चौथ्या रांगेत जागा मिळाली. समोर काळ्या गाऊनमधली पोरं, आणि त्यांत माझी, मान वळवून वळवून दारं तपासत होती. तिला आम्ही दिसलो. तिनं तोंडावर हात धरला आणि पुन्हा सरळ बसली.

एक टकलू, पांढऱ्या मिश्यांचे म्हातारे साहेब बोलायला उठले.

"काय म्हणते थो?" मामाजींनी कोपरानं मला ढोसलं.

मला एक अक्षर कळत नव्हतं. पण विचारलं होतं ना, मला, स्वतःहून. मी सांगायला लागले.

"म्हणते, हे पोट्टे लय दुरून आले शिकाले."

"बरोबर."

"म्हणते, कोणाकोणाच्या आबाजीनं चौतीस-चौतीस वर्षं उन्हात रूळ ठोकले."

"त्याले कसं माहीत?"

"प्रणालीनं सांगितलं असन."

मामाजी ताठ झाले. "मंग?"

"डॉक्टर झाल्यावर गरिबाले विसरू नका म्हणते."

"हे तं सगळेच म्हणतात."

मग नावं सुरू झाली. सतराव्या नंबरला त्या साहेबांनी चष्मा वर केला, कागद जवळ धरला आणि "तायदे प्रनाली" असं काहीतरी म्हटलं. मी उभी राहिले. बाकी कुणी उभं राहत नव्हतं, मी राहिले. पोरगी चढली, वाकली, तिच्या हातात लाल पुठ्ठ्याची पदवी आली, बाकीच्यांना निळी मिळत होती. साहेब तिच्याकडे बघून हसले आणि माइकमध्ये चार वाक्यं जास्तीची बोलले. इतरांसाठी बोलले नव्हते.

"आता काय म्हणे?" मामाजी उठून माझ्या कानाशी आले. "हिच्यासाठी काय म्हणे?"

मी स्टेजकडे बघत राहिले.

"म्हणते, हिच्या आईलेबी दहावीले बसू द्याले पाहिजे होतं."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या साहेबांकडे पाहिलं. मग टोपी काढून खिशात घातली.

"बरोबर म्हणून राह्यला थो," ते म्हणाले, आणि हातोडा चालवलेल्या त्या हातांनी टाळ्या वाजवायला लागले. एवढ्या जोरात की पुढची रांग वळली, मग तीही वाजवायला लागली, मग तिच्या पुढची. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, आणि स्टेजवरचे साहेब चष्मा पुसत विचारात पडले होते, की आपण आत्ता असं काय बोलून गेलो.